तबकडीच्या बातमीखालच्या आठ ओळी

शुक्रवार, १९ नोव्हेंबर १९८२

सकाळी सातला प्रेसवर. 'जि. उस्मानाबाद' काढून 'जि. लातूर' करून द्या म्हणून आणखी तीन दुकानदारांची लेटरहेडं आली. जिल्हा नवा झाला, पाऊस मात्र नाही. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी. दुपारी भाकरी-चटणी. अंक वाटून झाला. संध्याकाळी आईला, अव्वाला, गुडघ्यासाठी दवाखान्यात नेलं.

अप्पांना, वडलांना, जाऊन आज तीन महिने झाले.

सोमवार, २२ नोव्हेंबर

रोजचंच. दिवसभर लग्नपत्रिका.

मंगळवार, २३ नोव्हेंबर

आज एकच ओळ दोनदा जुळवली. वीस वर्षं छपाईचे खिळे जुळवतोय, असं कधी झालं नव्हतं.

वार्ताहराचं बातम्यांचं पाकीट दुपारच्या जळकोट गाडीनं आलं. ड्रायव्हरनं नेहमीसारखं खिडकीतून हात काढून दिलं. किशनराव — आमच्या 'मांजरतीर' साप्ताहिकाचे मालक, संपादक, जाहिरात गोळा करणारे, सगळे तेच — त्यांनी वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "माणिकप्पा, हे बघा! तबकडी! आपल्याकडं तबकडी आली!"

मी कागद खिळ्यांच्या केसवर ठेवला आणि जुळवायला लागलो. पहाटे उगवतीच्या अंगाला तेजस्वी वस्तू. परातीएवढी. चांदीसारखी. आवाज नाही. खाली काहीतरी लोंबत होतं. शे-दीडशे लोकांनी पाहिली.

परातीएवढी! हाच शब्द. अप्पांचा शब्द.

इथं लिहूनच टाकतो, कुणाला सांगितलेलं नाही. यंदा बसवजयंती २६ एप्रिलला होती. अप्पा रानात झोपायचे, जळकोट रस्त्याच्या शेतात. त्या दिवशी मिरवणुकीला यायचे होते. उशिरा आले, धावत आले. सगळ्या लिंगायत समाजासमोर सांगायला लागले, पहाटे लिंगपूजेला बसलो होतो, हातावर लिंग होतं, तर त्या हातावरच उजेड पडला. वर बघितलं तर परातीएवढी आगीची थाळी. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, धोतर धुळीनं माखलेलं. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "मलप्पा, प्रसाद जास्ती झाला का?" अण्णा — माझा थोरला भाऊ संगप्पा, किराणा दुकान त्याचंच — लाजेनं लाल झाला. म्हणाला, म्हातारं भ्रमलंय.

अप्पांनी गोष्ट सोडली नाही. महिनाभर येईल-जाईल त्याला सांगत राहिले. मग आम्ही दोघांनी त्यांना लातूरला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी विचारलं, यांना असं काही दिसत असतं का? अण्णा म्हणाला, हाव. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी होकाराची मान हलवली. ती मान अप्पांनी बघितली.

गोळ्या सुरू झाल्या. रानात जाणं बंद. दुकानामागच्या खोलीत खाट टाकली, बाहेरून कडी. जिल्हा झाला त्याच आठवड्यात गेले.

आणि आज शे-दीडशे लोक!

गुरुवार, २५ नोव्हेंबर

अंक छापला. मोठ्या टायपात आमच्याकडं 'ड' चारच. किशनरावांना मथळ्यात 'उडती तबकडी', खाली उपमथळ्यात परत 'तबकडी' आणि त्याखाली 'गडबड' पाहिजे होतं. मी म्हणालो, 'ड' संपले. म्हणाले, "मग गडबड काढा. तबकडी र्‍हाऊ द्या!"

नेहमी चारशे प्रती. आज साडेसहाशे काढल्या. ट्रेडल मशीन तापून राहिलं होतं.

मी एक प्रत खिशात घडी घालून आणली. अव्वाला वाचून दाखवली नाही. का नाही, माहीत नाही.

शनिवार, २७ नोव्हेंबर

आज प्रेसवर बायका आल्या! पाच जणी, डोक्यावर टोपली-फावडं तसंच. रोजगार हमीच्या रस्त्यावर कामाला जाणाऱ्या. पुढारी होती तारामती म्हणून, ठेंगणी, आवाज मात्र अख्ख्या गल्लीला पुरेल असा.

"पेपरवाले कोन हाईत? आमी बघितलं आन् नाव सरपंचाचं छापलं?"

किशनराव म्हणाले, वार्ताहरानं दिलं तसं छापलं.

"सरपंच झोपला होता! त्याला उठवायला मीच गेले होते. त्यो म्हनला, सकाळी बघू."

किशनराव हसायला लागले, त्या पण हसल्या. पण हटल्या नाहीत. पाचही नावं लिहून घ्यायला लावली. मीच लिहिली. लिहिता लिहिता विचारलं — मी सहसा कुणाला काही विचारत नाही — तुम्हाला भीती नाही वाटली?

"भीती कशाला वाटंल? लई चांगलं होतं बघायला. कामावर पोचूस्तोवर संगंच होतं." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी बघितलं का?"

मी नाही म्हणालो. माझ्या वडिलांनी बघितलं, हे तोंडाशी आलं होतं. पुढचं नाव लिहून घेतलं.

सोमवार, २९ नोव्हेंबर

पाकिटं येऊन राहिली आहेत. अहमदपूर, देगलूर, मुखेड. एका मास्तरांनी चित्र काढून पाठवलं, तबकडीला खिडक्या आहेत. एकानं लिहिलं, तबकडीमुळंच पाऊस पळाला. दुसऱ्यानं लिहिलं, नवा जिल्हा बघायला आले असतील. किशनरावांनी दोन्ही छापायला दिली!

गुरुवार, २ डिसेंबर

किशनराव सकाळीच लातूरला गेले, नव्या कलेक्टर कचेरीतून जाहिराती मिळतात का बघायला. जाताना म्हणाले, "पहिल्या पानावर जागा उरली तर काहीबी टाका. एखादा सुविचार टाका."

तारामतीबाईंची बातमी जुळवली. खाली आठ ओळींची जागा उरली.

शिसपट्ट्या घालून भरता आली असती. सुविचाराचं तयार मॅटर पण होतं. मी हातात जुळणीची स्टिक घेऊन उभा राहिलो. मग कागदावर न लिहिता थेट जुळवलं. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं नाही, माझं.

"याच वर्षी बसवजयंतीच्या पहाटे येथील शेतकरी मलप्पा यांनी जळकोट रस्त्यालगतच्या आपल्या शेतातून अशीच तेजस्वी, परातीएवढी वस्तू आकाशात पाहिली होती. त्यांचे म्हणणे तेव्हा कोणी खरे मानले नाही. मलप्पा हे आता हयात नाहीत."

बरोबर आठ ओळी. अप्पा आणखी एक गोष्ट सांगायचे, की थाळी आधी थांबली आणि मग वाऱ्याच्या उलट अंगाला गेली. ते बाकीच्यांच्या सांगण्यात कुठं नव्हतं. जागाही नव्हती. गाळलं.

प्रूफ मीच वाचलं. छापून झाल्यावर हात धुतले तरी शाई नखात राहिली. चांगलं वाटलं.

शुक्रवार, ३ डिसेंबर

किशनरावांनी वाचलं. मग म्हणाले, "विचारायचं तरी." आणि मग, "तुमच्या वडलांचं हे आधी का न्हाई सांगितलं? पहिल्या मथळ्याची बातमी होती की हो!"

अण्णानं दुकानात पुडी बांधताना वाचलं. संध्याकाळी घरी येऊन अंक माझ्या पुढ्यात टाकला.

"कुणी मानलं न्हाई म्हंजे कुणी? मी?"

"मी पण," मी म्हणालो.

"गावात माझं तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाईस. बापाला मी कोंडलं असं लिहायचं र्‍हायलं फक्त. पुढच्या अंकात टाक!"

अव्वा आतून म्हणाली, "संगू, आवाज खाली." तो गेला. अव्वानं अंक उलटासुलटा करून बघितला. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "नाव कुठं हाय, त्येवढं दाखव." मी बोट ठेवलं. तिनं तिथं स्वतःचं बोट ठेवलं.

शनिवार, ११ डिसेंबर

घात झाला.

नांदेडच्या एका दैनिकानं आमच्या आठ ओळी उचलल्या. त्यांचा बातमीदार फोटोग्राफरला घेऊन येऊन गेला म्हणे, मंगळवारी. आम्हाला पत्ता नाही. रस्त्यावरच्या चहावाल्यानं शेत दाखवलं. शेतात कुणी नव्हतं. आणि त्यांनी फोटो काढला तो अप्पांच्या समाधीचा!

आमच्यात दहन नाही. बसवून माती देतात, विभूती आणि मीठ घालतात. अण्णानं वर भोवतीनं चुन्याचं गोल कडं केलंय, अव्वा दर सोमवारी विभूती टाकते. काळ्या रानात पांढरा गोल. परक्याला काय वाटणार? फोटोखाली छापलं, "तबकडी उतरल्याची पांढरी खूण. या जागी गवतही उगवलेले नाही."

गवत! यंदा जिल्ह्यात कुठं उगवलंय गवत?

आणि मजकुरात असं की तबकडीच्या उष्णतेनं मलप्पांचा अंत झाला असावा. मी ते तीन वेळा वाचलं. लाज वाटली. खरं सांगायचं तर हसू पण आलं. अप्पांनी हे वाचलं असतं तर मांडीवर थाप मारली असती.

रविवार, १२ डिसेंबर

सकाळी अण्णा, अव्वा आणि मी रानात गेलो. बैलगाड्या, सायकली, एक टेम्पो! शेजारचा व्यंकट बांधावर उभा राहून लोकांना वाट दाखवत होता. एक जण चुन्याचं कडं पावलांनी मोजत होता. दोन बायका पदरात माती घेत होत्या. कुणीतरी नारळ फोडला होता.

अण्णा किंचाळलाच. "माझा बाप हाय तिथं! व्हा बाजूला! बाप हाय माझा!"

सगळे थबकले. मोजणारा माणूस पाय उचलून तसाच उभा राहिला, खाली कुठं ठेवावा त्याला कळेना. मग एकेक जण चपला काढायला लागला. कुणी सांगितलं नाही, आपोआप. माती घेणाऱ्या बाईनं पदर झाडला, मग वाकून हातानं ती सारखी केली.

अण्णा माझ्याकडं वळला. मला वाटलं आता मला मारणार. मारलं असतं तरी चाललं असतं.

अव्वा समाधीपाशी बसली. म्हणाली, "र्‍हाऊ दे रे संगू. त्या खोलीत त्येंच्याकडं कुणी बोलाया आलं न्हाई. आता येऊन राहिले तर येऊ दे." मग लोकांना म्हणाली, "नारळ कुणी फोडला? खोबरं वाटा की!"

व्यंकटनं खोबरं वाटलं.

गुरुवार, १६ डिसेंबर

खुलासा जुळवला, या वेळी किशनरावांना विचारून. ते जरा नाराज होते. आता अकराशे प्रती जातात. "खुलासा शेवटच्या पानावर घेऊ," म्हणाले. मी म्हणालो, पहिल्या. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू ट्रेडल बोललं.

पहिल्या पानावर घेतला. "ती खूण तबकडीची नसून आमच्या वडिलांची समाधी आहे." खाली दोघा भावांची नावं. अण्णाचं नाव त्याला विचारून घातलं. म्हणाला, "घाल. पन 'तबकडी' शब्द नको." तो शब्द न घालता खुलासा होईना. घातला.

शुक्रवार, ३१ डिसेंबर

वर्ष संपलं. अण्णा माझ्याशी बोलत नाही. दुकानात मीठ आणायला गेलो तरी पुडी काउंटरवर ठेवतो, हातात देत नाही.

मंगळवार, १८ जानेवारी १९८३

सापडलं! सापडलं!

धर्माबादच्या अंगाला एका रानात आभाळातून पेटी उतरली. लाल-पांढऱ्या छत्रीनं. आणि जवळच पातळ पांढरं प्लास्टिक पसरलेलं, एवढं की अख्ख्या गावाला मांडव पडला असता! पेटीवर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, इंग्रजीत लिहिलंय — घाबरू नका, शास्त्रीय उपकरण आहे, हात लावू नका, या पत्त्यावर कळवा. हैदराबादला शास्त्रज्ञांचं केंद्र आहे, ते मोठमोठे फुगे सोडतात, वरची हवा तपासायला. पहाटे खाली अंधार असतो पण इतक्या उंचावर ऊन पोचलेलं असतं, म्हणून चमकतो. तबकडी म्हणजे फुगा!

किशनराव डोक्याला हात लावून बसले. "संपलं. अकराशेचे परत चारशे." मग स्वतःच उठले. "न्हाई न्हाई! 'तबकडीचे रहस्य उलगडले!' मोठा टायप काढा!"

ते स्वतः जाऊन आले, प्लास्टिकचा तुकडा घेऊन. गावकऱ्यांनी केंद्राची माणसं यायच्या आत निम्मं कापून नेलं होतं. शाळेच्या कोरड्या हौदाला आतून लावलं, टँकर आला तर पाणी मुरणार नाही म्हणून.

मला मात्र नाचावंसं वाटतंय. तबकडी असती तर कुणी मानलं असतं, कुणी नसतं. फुगा खरा आहे. हातात धरता येतो! अप्पांनी खरी वस्तू पाहिली. जशी होती तशीच सांगितली. परातीएवढी, तेजस्वी.

बुधवार, १९ जानेवारी

तुकडा घरी आणला. अव्वानं दोन बोटांत चोळून बघितला. कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ.

"येवढंच होतं व्हय?" म्हणाली. "आन् येवढ्यासाठी त्या मानसाला कडी लावली."

मग तुकडा अण्णाला दाखवायला स्वतः गेली, गुडघा धरत.

गुरुवार, २० जानेवारी

पेटीवरचा पत्ता किशनरावांकडून उतरवून घेतला आणि केंद्राला पत्र टाकलं. इंग्रजी माझं मॅट्रिकपुरतं, तरी लिहिलं. २६ एप्रिल १९८२ च्या पहाटे आपण फुगा सोडला होता का, कृपया कळवावे. उत्तर आलं की तसंच छापणार, त्यांच्या सहीसकट. म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही. पुढच्या अंकासाठी मॅटर आजच जुळवून, दोऱ्यानं बांधून गॅलीच्या ट्रेवर ठेवलंय. "शास्त्रज्ञांचा निर्वाळा : मलप्पा यांनी पाहिले ते सत्यच."

रविवार, २३ जानेवारी

अण्णा आला. दारातच उभा राहिला.

"माणिक, फुगाच होता ना रे?"

हो म्हणालो.

"खरा फुगा? हैदराबादचा?"

हो म्हणालो.

तो उंबऱ्यावर बसला आणि रडला. मी अण्णाला रडताना बघितलेलं नाही, अप्पांच्या वेळी पण नाही. म्हणाला, "शेवटच्या दिवशी मला म्हनले, संगू, दार उघड, एकदा वर बघून येतो. मी उघडलं न्हाई." असं म्हणून परत रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "पन येडे नव्हते ना. बस. येवढं पुरे मला."

मी पाणी दिलं. आज त्यानं माझ्या हातातून घेतलं.

शुक्रवार, २८ जानेवारी

दुकानात गेलो तर गिऱ्हाईक थांबलंय आणि अण्णा सांगून राहिलाय, "सगळ्यात पहिल्यांदा आमच्या अप्पानं बघितला. एप्रिलमंदी! पेपरवाल्यांना तवा म्हाईत बी नव्हतं." मिरवणुकीत जो हसला होता त्याला तर गल्लीतून हाक मारून बोलावलं आणि उभं करून ऐकवलं. वजन करताना काटा हलतोय तिकडं लक्ष नाही!

मला गूळ हातात दिला. वर एक खडा जास्त.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

उत्तर नाही. मॅटर गॅलीवर तसंच. किशनराव विचारतात, हे किती दिवस अडकवून ठेवणार, 'श' कमी पडून राहिलेत. आठवडाभर थांबा म्हणालो.

मंगळवार, ८ फेब्रुवारी

नाही आलं.

शनिवार, १२ फेब्रुवारी

आलं. टाइप केलेलं, सही-शिक्का आहे. आपल्या पत्राबद्दल आभार. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यानंतर वरचे वारे बदलतात, त्यामुळे त्यानंतर आम्ही फुगे सोडत नाही. गेल्या वर्षीचा शेवटचा फुगा ९ एप्रिलला सोडला होता. २६ एप्रिलला आमचा किंवा आमच्या माहितीतला कोणताही फुगा आकाशात नव्हता.

दोनदा वाचलं. इंग्रजी कमी समजलं असेल म्हणून तिसऱ्यांदा.

आता अप्पांवर शंका येईल म्हणून थांबलो. उभाच राहिलो केसपाशी, बराच वेळ. आली नाही!

अण्णाला सांगायचं नाही. पत्र खिशात आहे. किशनराव लातूरला गेलेत, प्रेसवर मी एकटाच. 'निर्वाळ्या'च्या बांधून ठेवलेल्या मॅटरचा दोरा सोडला आणि एकेक खिळा केसमधल्या ज्याच्या-त्याच्या घरात टाकला.